अतिनाट्य आणि राजकीय बोलपट

नाटक अथवा बोलपट पाहून बाहेर पडताना सुशिक्षित माणूस ‘फार मेलोड्रामा झाला बुवा’ असे म्हणतो, तेव्हा त्याला त्या कलाकृतीची निंदाच करावयाची असते, हे सांगावयास नको. मेलोड्रामा या शब्दासाठी आपल्याकडे ‘अतिनाट्य’ हा शब्द योजतात. त्यातील ‘अति’ या उपसर्गात ही निंदा अगोदरच भरून ठेवलेली आहे. अति तेथे माती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग राजकारणासारख्या जबाबदारीच्या विषयाशी अतिनाट्याचे वाकडेच असणार, असे गृहीत धरण्यात येते. राजकीय चित्रपट म्हटला की तो संयत हवा, विचारप्रधान हवा. रडारड, योगायोग, कपटी खलपुरुष आणि ऐनवेळी येणारे गाणे यांना तेथे मज्जाव, असा एक अलिखित कायदाच होऊन बसला आहे.

हा कायदा कितपत न्याय्य आहे, हे मराठी बोलपटाच्या इतिहासावरून तपासून पाहावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे. अन्याय जेव्हा रोजच्या व्यवहारात मुरून जातो, तेव्हा तो डोळ्यांना दिसेनासा होतो. असा मुरलेला अन्याय ठळक करून दाखविण्याचे सामर्थ्य अतिनाट्यात आहे आणि आपल्या थोर दिग्दर्शकांनी ते ओळखून वापरले आहे. मात्र खलपुरुष मेला, आता हिशेब मिटला, असे सांगून जे अतिनाट्य प्रेक्षकाला घरी पाठविते, ते राजकारणाला जाग आणण्याऐवजी झोप आणते. या दोन प्रकारांतील फरक कसा ओळखावा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करावयास खडकवासल्याइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली आरंभिलेली जलसंशोधनाची संस्था पुढे या गावी स्थिरावली आणि आज ती केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. नद्या, खाड्या, बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करावयाच्या, त्यांत पाणी सोडावयाचे आणि ते कसे वागते ते पाहावयाचे, हे या शास्त्रातील एक मुख्य काम. आता समजा, एखादी नदी आपण सर्व बाजूंनी सारखीच तीनशेपट लहान केली. तीन मीटर खोलीचे पाणी प्रतिकृतीत १ सेंटीमीटर होईल. एवढे उथळ पाणी तळाच्या घर्षणाने आणि पृष्ठताणाने असे अडखळते की त्यावरून खऱ्या नदीविषयी काहीच सांगता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ लांबीरुंदी तीनशेपट लहान करतो, पण खोली मात्र, समजा, साठपटच लहान करतो. पाणी ५ सेंटीमीटर खोल राहते. प्रतिकृतीतील डोह अवाच्या सवा खोल आणि काठ भिंतीसारखे उभे दिसू लागतात. पाहणाऱ्याला ही नदी खोटी वाटते. परंतु पाण्याचा प्रवाह खऱ्या नदीशी जुळू लागतो. मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली मर्सी नदीच्या मुखाची अशीच प्रतिकृती केली होती.

म्हणजे उंची वाढविली म्हणून सत्य बिघडतेच असे नाही. कधी कधी वाढविल्यावाचून ते हातीच लागत नाही. परंतु येथे एक अट आहे. आपण खोली किती पटींनी वाढविली हे शास्त्रज्ञाला ठाऊक असते आणि शेवटी तो उलट हिशेब मांडून खऱ्या नदीवर येतो. अतिनाट्याची कसोटीही हीच मानावी, असे आम्हांस वाटते. पडद्यावर जे वाढवून दाखविले त्यावरून प्रेक्षकाला आपल्या गावाचा, आपल्या घराचा, आपल्या कायद्याचा हिशेब उलट मांडता आला, तर ते अतिनाट्य कारणी लागले. तसा तो मांडता आला नाही, तर नुसतेच पाणी वाहून गेले.

मेलोड्रामा हा शब्द यूरोपातून आला. ग्रीक भाषेत ‘मेलोस’ म्हणजे गीत. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतरच्या वर्षांत पिक्सेरेकूर नावाच्या नाटककाराने हा प्रकार पॅरिसच्या रंगभूमीवर लोकप्रिय केला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपण लिहितो, असे तो म्हणे अशी आख्यायिका आहे. राजा गेला, धर्मपीठाचा दरारा गेला, तेव्हा चांगले कोणते आणि वाईट कोणते हे सामान्य माणसाला कोणी सांगावे, अशा वेळी हा प्रकार जन्मास आला हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु वस्तू म्हणून ती आपल्याला परकी नव्हती. कीर्तनकार हरिश्चंद्राचे आख्यान लावतो, तेव्हा स्मशानातील प्रसंगी तो थांबतो, पद म्हणतो, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे करतो आणि मग निरूपणाकडे वळतो. दुःखाच्या भरात गाणे येते म्हणून त्या दुःखाचा खरेपणा कमी होतो, असे आपल्या आजीला कधी वाटले नाही. संगीत नाटकाने हीच सवय नगरवासी प्रेक्षकाला लावली.

या सवयीचा राजकारणासाठी उघड उपयोग प्रथम रंगभूमीने केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, सर्वांस पाठ असलेली. सैरंध्रीची विटंबना करणारा कीचक, सोसण्याचा सल्ला देणारा युधिष्ठिर आणि संतापाने पेटलेला भीम. पण थिएटरात बसलेल्या माणसाला कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन, युधिष्ठिराच्या जागी मवाळ, भीमाच्या जागी जहाल आणि सैरंध्रीच्या जागी पारतंत्र्यातील देश दिसत असे. १९०८ साली टिळक मंडालेस गेले आणि १९१० साली सरकारने हे नाटक बंद पाडले. त्यासाठी लागणारा नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६ पासून हाताशी होताच. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानेही आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली. येथे उलट हिशेब मांडण्याचे काम प्रेक्षक स्वतःच करीत होता. नाटककाराला कर्झनचे नाव घ्यावे लागले नाही. सरकारलाही तो हिशेब बरोबर समजला होता, याची साक्ष म्हणजे ती बंदी.

चित्रपटाला हीच वाट चालावी लागली. १९१८ च्या कायद्यान्वये मुंबईस तपासणी मंडळ बसले आणि शब्द न् शब्द तपासला जाऊ लागला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला, तेव्हा त्याचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव अधिकाऱ्यांस सोसवले नाही; तो ‘उदयकाल’ या नावाने लोकांपुढे आला. पुढे कंपनी १९३३ साली पुण्यास आली. एकनाथांच्या जीवनावरील, अस्पृश्यतेचा प्रश्न हाताळणारा बोलपट १९३५ साली तयार झाला. बालगंधर्व त्यात एकनाथ झाले होते. त्याचे ‘महात्मा’ हे मूळ नाव जाऊन ‘धर्मात्मा’ हे नाव आले. उघड बोलण्याची वाट अशी बंद असली म्हणजे राजकारण घरगुती दुःखाच्या दाराने आत येते. प्रभातच्या व्ही. शांतारामांनी १९३७ ते १९४१ या पाच वर्षांत जे तीन सामाजिक बोलपट दिले, त्यांचे मर्म येथे आहे.

त्यांपैकी पहिला ‘कुंकू’. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नीरा नावाच्या तरुण मुलीचे लग्न फसवणुकीने एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावून दिले जाते. विषय नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ साली जरठबालाविवाहाचा हा प्रश्न महाराष्ट्राच्या घराघरांत नेला होता. पण ‘शारदे’त लग्न लागण्याच्या सुमारास वधूवर सगोत्र असल्याची गोष्ट उघडकीस येते आणि मुलगी सुटते. शास्त्रातील एका नियमाने तिला वाचविले. ‘कुंकू’ची नायिका त्या रेषेच्या पलीकडे उभी आहे. तिचे लग्न लागून गेले आहे. आता कोणते शास्त्र, कोणता कायदा तिला सोडवील?

हा प्रश्न १९३७ साली किती कठीण होता, हे आज आपल्याला सहसा आठवत नाही. लग्नाचे वय ठरविणारा १९२९ चा कायदा होता; हरबिलास सारडा यांच्या नावाने तो ओळखला जाई आणि आपल्याकडे त्याला ‘शारदा कायदा’ म्हणत, त्यामुळे पुष्कळांच्या मनात तो देवलांच्या शारदेशीच जोडला गेला. परंतु नीरा काही अजाण बालिका नाही. कित्येक जातींत काडीमोडीची चाल होती, पण नीरेच्या पांढरपेशा समाजात तीही नव्हती. मुंबई प्रांतात हिंदू विवाहितांस घटस्फोट देणारा कायदा १९४७ साली झाला आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ साली. म्हणजे नीरा ‘मी या लग्नाला मान देणार नाही’ असे ठरविते, तेव्हा तिच्या पाठीशी कायद्याचे एक अक्षरही नाही. तिच्या आधी पन्नास वर्षे डॉ. रखमाबाईंनी हीच भूमिका घेतली होती. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निर्णय दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली आणि अखेर १८८८ साली प्रकरण तडजोडीने मिटले. एका बाईने पन्नास वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न अजून अनुत्तरितच होता.

आता ‘कुंकू’चा शेवट पाहा. काकासाहेबांना आपण केलेला अन्याय उमगतो आणि ते आपला जीव देऊन नीरेला मोकळे करतात. टीकाकार म्हणतात, हा शेवट अतिनाट्याचा आहे. माणसे अशी मरत नाहीत. आमचे उत्तर असे की, त्या समाजात नीरेला मोकळे करावयास दुसरी वाट कोणती होती ते टीकाकारांनी दाखवावे. शेवट भडक आहे, कारण कायद्यात दार नाही. दार असते तर म्हाताऱ्याला मरावे लागले नसते. तो न्यायालयात सही करून घरी आला असता. प्रेक्षकाने येथे उलट हिशेब मांडावा: एका मुलीची सुटका व्हावयास ज्या समाजात एका माणसाला मरावे लागते, त्या समाजाच्या कायद्यात नेमके काय उणे आहे? दहा वर्षांनी ते उणे मुंबईच्या विधिमंडळाने भरून काढले. ते बोलपटामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. सुधारकांची दीर्घ खटपट त्यामागे होती. पण ‘ही गोष्ट पटत नाही’ असे हजारो कुटुंबांना एकाच अंधारात बसून वाटणे, ही राजकीय घटनाच आहे.

या बोलपटाच्या घडणीतही एक शहाणपण आहे. अतिनाट्य म्हणजे प्रसंगोप्रसंगी वाजणारे पार्श्वसंगीत, असा समज आहे. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. घरातील भांडी, रस्त्यावरचे आवाज, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक एवढ्यावर सारे भागविले आहे. कथेची उंची वाढविली, पण तिच्या भोवतीचे घर मात्र खऱ्या मापाचे ठेवले. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब या दोघांत काकासाहेब दुष्ट नाहीत, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. ते प्रतिष्ठित वकील आहेत; त्यांनी केले ते चालीरीतीला धरूनच होते. एकटा माणूस वाईट असता तर प्रेक्षक त्याला शिव्या देऊन सुटला असता. येथे चालच वाईट आहे आणि ती थिएटरात बसलेल्या कितीएकांच्या घरात चालू आहे. काकासाहेबांच्या सुधारक मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने पुढे पुण्यात कुटुंबनियोजनाच्या कामाला वाहून घेतले आणि १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. पडद्यावरचे सुधारकी बोलणे आणि पडद्याबाहेरचे काम यांत अंतर न ठेवणारी अशी उदाहरणे थोडी.

१९३९ चा ‘माणूस’ हा दुसरा. पोलिस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची ही कथा. चार वर्षांपूर्वी प्रमथेश बरुआंच्या ‘देवदास’ने साऱ्या देशाला प्रेमासाठी झुरून मरणाऱ्या नायकाचे वेड लावले होते. शांतारामांचा नायक मरत नाही. मैना तुरुंगात जाते. गणपत कोसळतो, पण उठून पुन्हा कामास लागतो. अश्रूंना शेवटपर्यंत आणून त्यांना ‘आता पुरे’ असे सांगणारे हे अतिनाट्य आहे. मैनेला समाजात परत घ्यावयास जागा नाही, ही बोच मात्र तशीच ठेवली आहे, आणि ती पुसून टाकण्यासाठी कोणाच्या मोठेपणाचा आधार घेतलेला नाही.

तिसरा बोलपट ‘शेजारी’, १९४१ सालचा. पटकथा ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांची. खडकवासल्याच्या माणसाला हा बोलपट जवळचा वाटावा असे त्यात एक पात्र आहे, ते म्हणजे धरण. जिवबा आणि मिर्झा हे एका खेड्यातील दोन म्हातारे, पिढीजात शेजारी आणि मित्र. ओंकार नावाचा धनिक तेथे धरण बांधावयास येतो. त्याला गावकऱ्यांच्या जमिनी हव्या आहेत. गाव एकजुटीने विरोध करतो, तेव्हा ही एकजूट मोडल्यावाचून जमीन मिळणार नाही हे तो ओळखतो. जिवबाच्या मुलावर आग लावल्याचा आळ येतो आणि निवाडा मिर्झापुढे येतो. मिर्झा न्यायाला धरून मुलाविरुद्ध कौल देतो. मैत्री तुटते, जिवबा वाळीत पडतो. शेवटी धरण उडविले जाते आणि फुटणाऱ्या धरणावर दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून मृत्यू पावतात.

मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला तो मार्च १९४० मध्ये. त्यानंतरच्याच वर्षी हा बोलपट आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील प्रत्येक प्रसंगाचे वजन वाढते. हिंदीत ‘पडोसी’ या नावाने तो काढताना शांतारामांनी आणखी एक युक्ती केली. त्यात हिंदू म्हातारा झाले मझहर खान आणि मुसलमान म्हातारा झाले गजानन जागीरदार. मराठीतही मिर्झा जागीरदारांनीच केला. जिवबा केशवराव दात्यांनी. धर्माचा वेष अंगावर चढविता येतो आणि उतरविताही येतो, हे कोणत्याही संवादापेक्षा या भूमिकावाटपाने अधिक सांगितले. मास्टर कृष्णरावांच्या संगीतातील समूहगीताने तर सारा गाव एका तालावर नाचताना दाखविला. पुढे काय मोडणार आहे, ते आधी असे डोळे भरून दाखविणे हा अतिनाट्याचा जुना आणि रास्त मार्ग आहे.

हिंदू-मुसलमानांच्या भांडणाला ओंकार हा बाहेरचा माणूस जबाबदार, असे दाखवून बोलपटाने गावाला फार स्वस्तात सोडले, असा आक्षेप यावर घेता येतो. त्यात तथ्य आहे. भांडणाचे बी बाहेरून यावे लागते आणि आपली माती स्वच्छच असते, ही समजूत गोड असली तरी १९४७ ने ती खोटी ठरविली. परंतु पटकथेकडे नीट पाहिले तर तिने थोडे अधिक साधले आहे. कट ओंकाराचा असला तरी मैत्रीला तडा जातो तो मिर्झाच्या न्यायबुद्धीच्या जागी. तो मित्राला फसवीत नाही. मित्राचा मुलगा म्हणून पक्षपात करावयाचे नाकारतो. जिवबाला तेच विश्वासघातासारखे वाटते. दोन सज्जन माणसे आपापल्या सचोटीमुळेच एकमेकांस गमावून बसू शकतात, हे सांगणे खलपुरुषाच्या कारस्थानाहून पुष्कळ खोल आहे. दुसरे असे की, ओंकाराला हवी आहे ती जमीन. धर्माचे भांडण हे त्याचे साधन. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह पुणे जिल्ह्यातील प्रेक्षकाच्या आठवणीत असणारच. तेथेही पैसेवाल्या कंपनीचे धरण आणि मावळ्यांची भातशेती समोरासमोर उभी होती. अशा प्रेक्षकाला पडद्यावरचे धरण हे नुसते प्रेक्षणीय दृश्य वाटले नसेल.

पण येथेच अतिनाट्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयास पुन्हा या गावाकडेच वळावे लागते. ‘शेजारी’तील धरण फुटल्यानंतर वीस वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले आणि त्याच दिवशी, गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री वाळूची पोती रचून बांध सावरण्यासाठी जवानांनी झुंज दिली होती. बांधकाम अपुरे असताना त्याच पावसाळ्यात पाणी साठले. इशारा वेळेवर आणि पुरेसा मिळाला की नाही, निर्णय कोणी घेतले, घाई कशासाठी झाली, या प्रश्नांसाठी चौकशी आयोग नेमावे लागले. या कथेत ओंकार नाही. मिशीला पीळ देणारा कोणी सुरुंग लावावयास आला नव्हता. टिपणे, मंजुऱ्या, मुदती, वरिष्ठांचा शब्द आणि कनिष्ठांचे मौन यांतून हा पूर आला. ज्या अतिनाट्याला खलपुरुषाचा चेहरा लागतोच, त्याला पानशेतची कथा सांगता येणार नाही. तो एखाद्या अभियंत्याला दुष्ट ठरवील आणि मोकळा होईल. बिनचेहऱ्याच्या अपराधाला चेहरा देणे, हा अतिनाट्याचा मोह आहे आणि राजकीय विचाराला त्यापासून सर्वांत मोठा धोका आहे.

हा मोह टाळून अतिनाट्य कसे वापरावे, याचे उत्तर योगायोगाने प्रभातच्याच आवारात पुढे शिकविले गेले. शांताराम १९४२ साली कंपनी सोडून मुंबईस गेले, १९५३ मध्ये प्रभातचा कारभार संपला आणि १९६० साली त्या जागेत सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था उघडली. तेथे १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यावर ऋत्विक घटक उपप्राचार्य म्हणून आले. मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांच्यासारखे विद्यार्थी त्यांना लाभले. घटक हे फाळणीने उखडलेल्या पूर्व बंगालचे. अतिनाट्याची त्यांना लाज वाटत नव्हती. ते आपले हक्काचे साधन आहे असेच ते मानीत. त्यांच्या १९६० च्या ‘मेघे ढाका तारा’ या बोलपटात निर्वासित कुटुंबाची थोरली मुलगी नीता घरासाठी राबते. तिची कमाई घर खाते, तिचा प्रियकर धाकटी बहीण नेते आणि अखेरीस क्षयाने ती खंगते. एका प्रसंगी ती जिना उतरते तेव्हा चाबकाचा फटका ऐकू येतो. खोलीत चाबूक कोठेच नाही. तिला मारणाराही कोणी नाही. आई, बहीण, भाऊ, प्रियकर, प्रत्येक जण आपापल्या गरजेने तिच्याकडून थोडे थोडे घेतो. खलपुरुष नसलेले अतिनाट्य ते हे. फाळणी पडद्यावर दिसत नाही. पण फटका कोणाचा, हा प्रश्न विचारीत प्रेक्षक बाहेर पडतो आणि हिशेब मांडत १९४७ पर्यंत जातो.

आपल्या मराठीत ही परंपरा खंडित झालेली नाही, हे सांगावयास आम्हांस समाधान वाटते. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’त डुकरामागे धावणारे कैकाडी कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते, आणि डुक्कर निसटून जाते. हसू आणि शरम एकाच वेळी येते. २०१६ च्या ‘सैराट’ने तर मराठी चित्रपटाला क्वचितच लाभलेला प्रेक्षकवर्ग मिळविला. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे भरगच्च संगीत, विहीर, शेते, उसाचे फड, गावच्या पुढाऱ्याची मुलगी आणि पारधी समाजातील मुलगा. अतिनाट्याला जे जे शोभते ते सारे येथे हात न आखडता दिले आहे. प्रेक्षक नाचतो. मग परमुलुखातील संसाराचे साधे, रखरखीत दिवस येतात. आणि शेवटी त्या दोघांचा खून झाल्यावर सारा आवाजच काढून घेतला जातो. लहान मूल रक्तात भरलेली पावले उमटवीत घराबाहेर जाते. कोणी सूड घेत नाही, कोणाला शिक्षा होताना दिसत नाही, रडावयाला सूर मिळत नाही. एवढा वेळ ज्या संगीतावर प्रेक्षक डोलला, ते थांबले म्हणजे जातीची भिंत त्याच्या कानाला ऐकू येऊ लागते. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत आरंभापासून टाळले होते, येथे ते ऐन शेवटी हिरावून घेतले आहे; परंतु दोन्हीकडे प्रेक्षकाला अश्रूंच्या आडोशाला जाऊ न देणे हाच हेतू.

एवढ्या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष आम्ही असा मांडतो. राजकीय चित्रपटाने अश्रूंना भिण्याचे कारण नाही. ‘बॅटलशिप पोटेम्किन’सारख्या १९२५ च्या क्रांतिकारक चित्रपटालाही ओडेसाच्या पायऱ्यांवरून गडगडत जाणारी बाळाची गाडी दाखवावीच लागली. भिण्याची गोष्ट एकच: दुःख एखाद्या माणसाच्या दुष्टपणावर बसविले आणि त्या माणसाला मारून दुःख संपविले, ही. असा चित्रपट प्रेक्षकाला निर्दोष ठरवून घरी पाठवितो. चांगले अतिनाट्य त्याला तसे सोडीत नाही. ‘कुंकू’ पाहून निघालेल्या गृहस्थाला आपल्या शेजारच्या वाड्यातील विजोड जोडपे आठवावे, ‘शेजारी’ पाहून निघालेल्याला आपल्या आळीतील मिर्झा आठवावा, ‘सैराट’ पाहून निघालेल्याला आपल्याच घरातील लग्नाची बोलणी आठवावीत.

ही जबाबदारी दिग्दर्शकावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घातली, ती ऐकून घरी गेलेल्या माणसाने त्यावर विचार करावा म्हणून. बोलपटाचा प्रेक्षकही एक प्रकारे श्रोताच आहे. पुढच्या वेळी थिएटरात डोळे ओले झाले, तर त्याची लाज बाळगू नये. रुमाल खिशात ठेवताना मात्र एवढे स्वतःस विचारावे की, हे दुःख कोणत्या नियमाने घडले, तो नियम आज आपल्या गावात लागू आहे काय, आणि असल्यास तो पाळणाऱ्यांत आपण आहोत काय. या प्रश्नांची उत्तरे पडद्यावर मिळत नाहीत. ती ज्याने त्याने घरी जाऊन शोधावयाची आहेत.